वारशाचे घड्याळ : ओळख आणि मोल

घर लहान असो वा मोठे, कपाटाच्या वरच्या खणात एखादे बंद पडलेले मनगटी घड्याळ बहुधा असतेच. ते घालणारा माणूस गेलेला असतो. पट्टा तुटलेला असतो, काच पिवळी पडलेली असते. कोणी ते फेकत नाही आणि कोणी वापरतही नाही. मग एखाद्या दिवशी घरात वाटणीचा विषय निघतो, किंवा पैशाची निकड लागते, आणि सगळ्यांना एकच प्रश्न पडतो : हे घड्याळ नेमके आहे काय, आणि त्याचे येतील किती? या प्रश्नाचे उत्तर कसे शोधावे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

मित्रहो, मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. यंत्रशास्त्राशी माझा संबंध नाही. परंतु आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच असल्यामुळे, वाचायचे आणि चौकशी करायचे कोणतेही काम माझ्याकडेच येते. गेल्या वर्षी आजोबा वारले. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली. त्यांच्या चीजवस्तूंत एक मनगटी घड्याळ होते : तबकडीवर ‘फाव्र-ल्यूबा’ आणि त्याखाली ‘सी-किंग’ अशी अक्षरे. उल्हासनगरला राहणाऱ्या माझ्या काकांचे म्हणणे असे, की हे घड्याळ सोन्याचे आहे. १९७७ साली आजोबा नोकरीत कायम झाले तेव्हा साहेबांनी नवे कोरे बक्षीस दिले. आणि आज त्याची किंमत लाख-सव्वा लाख आहे. तेव्हा जो ते ठेवील त्याने इतर दोघांना रोख हिस्सा द्यावा. आमच्या वडिलांना ही रक्कम म्हणजे दोन-अडीच महिन्यांचा पगार. बदलापूरच्या आत्याने मात्र हिशेबात तोंड घातले नाही. ‘अगोदर ते काय आहे ते बघा’ एवढेच म्हणाली. त्या वर्षी गणपतीत दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. घड्याळाची चौकशी माझ्याकडे आली ती अशी.

वर्गात आम्हांला शिकवितात, की कोणतेही ऐतिहासिक साधन हाती आले की प्रथम त्याचे बहिरंग परीक्षण करावे, म्हणजे वस्तू अस्सल आहे की नाही ते पाहावे. आणि नंतर अंतरंग परीक्षण करावे, म्हणजे ती जे सांगते ते खरे आहे काय ते तपासावे. हीच रीत मी घड्याळाला लावली. तत्पूर्वी आपल्या घरांत ही घड्याळे आली कोठून, हे थोडक्यात पाहू.

आपल्याकडची जुनी घड्याळे

स्विस घड्याळांचा व्यापार आपल्या मुंबईत फार जुना आहे. फाव्र-ल्यूबा या घराण्याचा उगम १७३७ सालचा, स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल या गावचा. आणि १८६५ पासून या कंपनीचा मुंबईत व्यवहार होता. आपल्या लोकांनी तिचे नाव ‘फेवरलुबा’ करून टाकले. १८८६ साली वेस्ट एंड वॉच कंपनी निघाली, ती तर मुंबई-कलकत्त्याच्या गिऱ्हाइकासाठीच. तिच्या ‘सोवार प्रायमा’ या प्रसिद्ध घड्याळातील ‘सोवार’ म्हणजे आपला ‘स्वार’ होय. याखेरीज रोमर, हेन्री सँडोज, कॅमी, टिटोनी, टिसो ही नावे जुन्या माणसांच्या तोंडी आजही सापडतात.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई झाली, आयातीवर निर्बंध आले, आणि परदेशी घड्याळ ही चोरट्या व्यापारातील मोठी वस्तू बनली. १९६१ साली हिंदुस्थान मशीन टूल्सने बंगलोर येथे जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळांचा कारखाना काढला. जनता, पायलट, कोहिनूर, सोना, कांचन, सुजाता ही एच. एम. टी. ची घड्याळे लग्नात जावयाला आणि निवृत्तीच्या दिवशी कामगाराला देण्याची वस्तू झाली. पुढे १९८७ पासून टायटनची क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आली आणि चावीच्या घड्याळांचा काळ ओसरला. एच. एम. टी. चा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला.

आपला भाग हा कामगारांचा. शहाडचे रेयॉन, अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि काड्यापेट्यांचा कारखाना, पुढे बदलापूरपर्यंत पसरलेली औद्योगिक वसाहत. पाळी आणि लोकल या दोन गोष्टींसाठी येथे घड्याळ लागे. म्हणून आपल्याकडे सापडणारे घड्याळ बहुधा शोभेचे नसून रोज घातलेले, घामात आणि पावसात भिजलेले असते. परीक्षण करताना हे ध्यानात ठेवावे.

बहिरंग परीक्षण

घड्याळ उजेडात धरावे आणि साध्या भिंगाने पाहावे. प्रथम तबकडी. नावाखेरीज तिच्यावर पुष्कळ मजकूर असतो. ‘१७ ज्वेल्स’ म्हणजे यंत्रातील फिरत्या आसांखाली बसविलेली १७ कृत्रिम माणके. झीज कमी व्हावी एवढाच त्यांचा उपयोग. जवाहिर म्हणून त्यांना किंमत नाही. ‘इनकाब्लॉक’ किंवा एच. एम. टी. वरील ‘पॅराशॉक’ म्हणजे धक्का सोसण्याची व्यवस्था. अगदी तळाशी, सहाच्या आकड्याखाली, बारीक अक्षरांत ‘स्विस’ किंवा ‘स्विस मेड’ असते. त्या शब्दांच्या दोन्ही बाजूंस इंग्रजी ‘टी’ हे अक्षर असेल, तर चमकणाऱ्या रंगात ट्रिटियम वापरले आहे असे समजावे. ही पद्धत १९६०च्या दशकापासून रूढ झाली. त्याहून जुन्या चमकत्या आकड्यांत पुष्कळदा रेडियम असते. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षे आहे. रंग चमकायचा थांबला तरी किरणोत्सर्ग थांबत नाही, म्हणून असा रंग नखाने खरवडू नये.

नंतर पाठ. मागच्या झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ असा शब्द असेल तर घड्याळ साधारणपणे १९६०च्या दशकातील किंवा त्याआधीचे असते. पुढे तो शब्द मागे पडून ‘वॉटर रेझिस्टंट’ आला. काही कंपन्यांच्या क्रमांकांवरून साल काढता येते. ओमेगाच्या क्रमांकांची कोष्टके प्रसिद्ध आहेत, आणि लाँजिन कंपनी आपल्या जुन्या नोंदवह्या पाहून माहिती कळविते. बक्षिसाच्या घड्याळावर पुष्कळदा नाव, साल किंवा संस्थेचे चिन्ह कोरलेले असते. आमच्या घड्याळाची पाठ कोरी होती. तेवढ्याने बक्षिसाची गोष्ट खोटी ठरत नाही. पण तिला पुरावा मिळाला नाही, एवढे खरे.

आता सोने. घन सोन्याच्या स्विस घड्याळावर ०.७५० किंवा ०.५८५ असा आकडा आणि सरकारी छाप असतो. आमच्या घड्याळाच्या कडेला, पट्टा अडकवितात त्या खाचेत, ‘२० मायक्रॉन’ असे सापडले, आणि पाठीवर ‘स्टेनलेस स्टील बॅक’. म्हणजे २० मायक्रॉन जाडीचा सोन्याचा मुलामा, एक मिलिमीटरचा पन्नासावा भाग. मुलाम्याखालचे क्षेत्रफळ सुमारे ८ चौरस सेंटिमीटर धरले तर सोन्याचे आकारमान ०.०१६ घन सेंटिमीटर होते. शुद्ध सोन्याच्या १९.३ घनतेने ते भरते जेमतेम ०.३ ग्रॅम. तेही झिजण्यापूर्वी. चाळीस वर्षांच्या मनगटाने कडांवरचे पुष्कळसे सोने केव्हाच नेले होते आणि आतली पांढरी धातू दिसत होती. सोन्याचा प्रश्न येथेच मिटला.

अंतरंग परीक्षण

घड्याळाची पाठ स्वतः उघडू नये. चाकूचा ओरखडा कायमचा राहतो, आणि आत गेलेला धुळीचा कण यंत्र बंद पाडतो. उल्हासनगरच्या बाजारात एक वृद्ध सिंधी घड्याळजी आहेत. त्यांच्याकडे मी घड्याळ नेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, पाठ उघडली आणि मला जवळ बोलावले.

आतले मशीन तीन गोष्टी सांगते. पहिली, त्यावर कोरलेले नाव तबकडीवरील नावाशी जुळते काय? तबकडीवर एक नाव आणि आत दुसऱ्याच मशीनचे सांगाडे, अशी जोडघड्याळे बाजारात भरपूर आहेत. दुसरी, मशीनचा प्रकार सांगणारा आकडा. तो बहुधा बॅलन्स व्हीलच्या खाली बारीक अक्षरांत असतो. या आकड्यावरून मशीन कोणत्या काळात बनत होते ते कळते. तिसरी, प्रकृती : गंज, तुटलेले स्क्रूचे डोके, बॅलन्सची चाल. त्या काळातील पुष्कळशी चावीची घड्याळे तासाला १८,००० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला पाच. हे ठोके एकसारखे पडले पाहिजेत. आमचे मशीन अस्सल निघाले, नावासकट. चावी मात्र बदललेली होती.

यानंतर घड्याळजींनी झाकणाची आतली बाजू उजेडाकडे फिरविली. तेथे सुईने ओरखडल्यासारख्या तीन बारीक खुणा होत्या. घड्याळ दुरुस्त करणारे कारागीर असे टिपण ठेवतात : महिना, साल, स्वतःची खूण. दोन टिपणे इंग्रजी आकड्यांत होती, १९७९ आणि १९८८ ची. तिसरे मला वाचता येईना. घड्याळजी हसले. तो आकडा अरबी वळणाच्या सिंधी लिपीत होता. खाली टोक असलेली खूण म्हणजे सात, उभी रेघ म्हणजे एक. त्यांच्या वडिलांच्या पिढीतील कारागीर असेच लिहीत, असे ते म्हणाले. मार्च १९७१!

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी, फाळणीनंतर तेथे वसविलेले सिंधी निर्वासित, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी ‘उल्हासनगर’ हे नामकरण, हे आपण पुस्तकात वाचतो. त्या निर्वासितांच्या पिढीतील कोणा कारागिराची नोंद आमच्या आजोबांच्या घड्याळात होती. आणि त्या नोंदीने एक कौटुंबिक वादही सोडविला. जे घड्याळ १९७१ साली दुरुस्तीला आले होते, ते १९७७ साली नवे कोरे कसे असेल?

मी बदलापूरला आत्याकडे गेलो. ती भावंडांत थोरली. तिने सांगितले, की कारखान्यातील एक फोरमन नोकरी सोडून गावी चालले होते. त्यांच्याकडून आजोबांनी ते जुनेच विकत घेतले, आणि पैसे हप्त्याहप्त्याने फेडले. पगाराच्या दिवशी आजी आधी ते पैसे बाजूला काढून ठेवी, हे तिला सातव्या वर्षापासून आठवत होते. तोंडी साक्ष आणि वस्तूची साक्ष एकमेकींशी जुळल्या.

रंगविलेली तबकडी

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. घड्याळजींकडे जाण्यापूर्वी मी दुसऱ्या एका दुकानात चौकशी केली होती. तेथील गृहस्थ म्हणाले, तबकडी डागाळली आहे, सहाशे रुपयांत नवी करून देतो, किंमत दुप्पट येईल. घड्याळजींनी नेमके उलट सांगितले : “बेटा, डायल को हाथ मत लगाना.”

जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्दप्रयोग आहे, आणि तो कौतुकाचा नाही. जुनी तबकडी घासून, तिच्यावर नवा भडक रंग आणि नवी अक्षरे छापून, इकडचे काटे तिकडची केस जमवून जे घड्याळ विकले जाते, त्याला ते मुंबई स्पेशल म्हणतात. फेवरलुबा आणि एच. एम. टी. पायलट यांची तर अशी रूपे शेकड्यांनी दिसतात. आपल्या उल्हासनगरच्या मालावरचे ‘मेड इन यूएसए’ आणि त्याचा ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा अर्थ आपण विनोदाने सांगतो. हा त्याचाच घड्याळातील भाऊ म्हणा.

परंतु येथे थोडा विवेक हवा. तबकडी रंगविणे हे मुळात लबाडीचे काम नव्हते. आपली हवा दमट. चार पावसाळ्यांत तबकडीला डाग पडत. नवी स्विस तबकडी मिळणे अशक्य आणि नवे घड्याळ घेणे त्याहून अशक्य. अशा वेळी ज्याला वेळ पाहायची आहे त्याला स्वच्छ आकडे देणारा कारागीर सेवाच करीत होता. तेच काम ‘मूळचे’ म्हणून विकले जाते तेव्हा मात्र ती फसवणूक होते. काम तेच, बोललेला शब्द बदलतो.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. मिनिटांच्या बारीक रेघा सारख्या अंतरावर आहेत काय, आणि ठोकळ्यांच्या बरोबर समोर येतात काय ते पाहावे. अक्षरे जाड, पसरट किंवा तिरकी असतील तर संशय घ्यावा. तळाचे ‘स्विस’ नाहीसे झाले असेल तर संशय वाढवावा. काच पिवळी, केस झिजलेली, आणि तबकडी मात्र आरशासारखी, असे असेल तर संशयाला जागाच उरत नाही.

संग्राहक डागाळलेल्या मूळ तबकडीला अधिक किंमत का देतात, हे मला प्रथम कळेना. मग अंबरनाथचे शिवमंदिर आठवले. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. अक्षरे झिजलेली आहेत. उद्या कोणी ती छिन्नीने पुन्हा ठसठशीत कोरून दिली, तर लेख वाचायला सोपा होईल; पण तो शके ९८२ चा उरणार नाही. घड्याळाच्या तबकडीचेही तसेच आहे.

किंमत कशी ठरवावी

घड्याळाला एक किंमत नसते. मोडीची किंमत, दुकानदार विकत घेताना देतो ती, आणि ज्याला तेच घड्याळ हवे आहे तो संग्राहक देतो ती, या तीन वेगळ्या आहेत. दुकानदाराची किंमत कमी असते म्हणून तो लबाड ठरत नाही. दुरुस्ती, भाडे आणि गिऱ्हाइकाची वाट पाहणे हे त्याला त्यातूनच भागवायचे असते.

काकांनी लाखाचा आकडा आणला तो मोबाईलवर पाहून. नाव तेच होते, परंतु घड्याळ वेगळे. फाव्र-ल्यूबाने १९६२ साली ‘बिवॉक’ नावाचे मनगटी घड्याळ काढले, त्यात समुद्रसपाटीपासूनची उंची दाखविणारे वायुभारमापक होते. अशा दुर्मीळ प्रकारांना मोठी किंमत येते. ‘सी-किंग’ हे त्याच घराण्यातील सर्वसामान्यांचे घड्याळ; ते आपल्याकडे विपुल आले, म्हणून ते आजही विपुल सापडते. शिवाय मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. कोणीही कितीही मागू शकतो. प्रत्यक्ष किती रुपयांना विकले गेले, ते पाहावे.

मी त्याच प्रकारच्या, मूळ तबकडीच्या, चालू घड्याळांचे प्रत्यक्ष झालेले पाच व्यवहार जुन्या घड्याळांची आवड असणाऱ्या दोन गृहस्थांकडून मिळविले. ते पाच ते नऊ हजारांच्या दरम्यान होते. मधला आकडा साडेसात हजारांच्या आसपास धरला. त्यातून तेलपाणी-सफाईचा खर्च आणि बदललेली चावी यांपोटी दीड हजार वजा केले. उरले सहा हजार. हा आकडा आमच्या घड्याळापुरता आणि त्या महिन्यापुरता. दुसऱ्या घड्याळाला हीच रीत लागेल, हाच आकडा लागणार नाही.

हे सर्व एका कागदावर लिहून मी आत्याच्या घरी तिघांसमोर वाचले. काकांनी मायक्रॉनचा हिशेब पुन्हा करायला लावला. १९७१ च्या नोंदीचे छायाचित्र बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, “म्हणजे हप्त्यानं घेतलं होतं त्यांनी.” आत्याने घड्याळ आपल्याकडे ठेवण्याची इच्छा सांगितली आणि दोघा भावांचे दोन-दोन हजार पुढे केले. वडिलांनी घेतले नाहीत. काकांनी घेतले. त्यात वावगे काही नाही. तो त्यांचा हिस्सा होता आणि त्यांना त्याची गरज होती. या वर्षी गणपतीला मात्र सगळे एकत्र होते.

शेवटी माझ्या मित्रमैत्रिणींस एवढेच सांगावयाचे, की असे घड्याळ घरी असेल तर प्रथम त्याला चावी देऊन पाहण्याचा मोह टाळा. वाळलेल्या तेलावर चालविलेले यंत्र झिजते. तबकडी, काटे, केस, चावी जशी आहेत तशी ठेवा. पॉलिश करू नका. चारही बाजूंनी छायाचित्रे घ्या. जाणत्या कारागिराकडून पाठ उघडवून घ्या आणि झाकणाच्या आतल्या बाजूस काही ओरखडले आहे काय ते मुद्दाम पाहा. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा, आणि ते सांगतील ते तारखेसह लिहून ठेवा. विकायचे असेल तर खुशाल विका, पण कळून विका. आपल्या वडिलधाऱ्यांना लिहिता-वाचता आले नसेल; त्यांच्या वस्तूंवर मात्र पुष्कळ लिहिलेले असते. ते वाचणे हे शिकलेल्या मुलाचे काम आहे.